कवडमाळच्या वाटेवर

लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तास उभा राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी झोपतो. सुरतेच्या गोडादऱ्यात तरी तीच रीत आहे. योगराज पाटीलही वीस-बावीस वर्षं तसाच झोपत आला. पारोळ्याकडच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी तो सुरतेला आला होता. लिंबायतच्या एका खात्यात आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग मशीनवर उभा राहिला, आणि पुढे गोडादऱ्याच्या खात्यात बारा मशीनं सांभाळू लागला. लग्न झालं, सरलाबाई गावाहून आली, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नंही झाली. मधल्या काळात केस पिकले आणि योगराजचा आप्पा झाला. गल्लीतला लहानथोर त्याला आप्पाच म्हणतो.

डोंगराचं वेड त्याला वाल्मिकनं लावलं. वाल्मिक त्याच्या शेजारच्या मशीनवर होता, वयानं दहा वर्षांनी लहान, अमळनेरकडचा. त्याला मोबाइलवर कवडमाळच्या वनउद्यानाचा फोटो दिसला. डांगातला डोंगर, वर पाहणीचा मनोरा, उतरणीवर सागाचं आणि बांबूचं रान, खाली ओढा. "भो, आपण गावाले जातस तवय त्याच रस्त्यानं जातस, आन कधी वर मान करीसन पाहिलं नही," तो म्हणाला. एका जानेवारीत चौघं-पाचजण ईको गाडी करून निघाले. चलथाणला कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरला, बारडोली-व्यारा मागे पडलं, आणि आप्पा पहिल्यांदा काही कामाशिवाय एका डोंगरावर जाऊन उभा राहिला. थंडीनं हात बधिर झाले होते. तरी तासभर तो तिथून हलला नाही. परत येताना एवढंच म्हणाला, "पुढच्या महिन्यात बी येऊ."

मग ती सवयच पडली. महिन्यातून एक खाडा कवडमाळचा. होळीच्या सुमारास पळस पेटलेला असायचा आणि मोहाच्या फुलांचा वास ओढ्यापर्यंत यायचा. वैशाखात पानगळ झालेल्या रानात आडोसा नसायचा, तरी हे लोक डोक्याला ओला रुमाल बांधून चढायचे. पावसाळ्यात सगळा डोंगर पाझरायचा, कातळावर तेरडा फुलायचा आणि धुक्यात चार हातांवरचा माणूस दिसायचा नाही. दिवाळीत खाती बंद राहायची तेव्हा बायकाही यायच्या. सरलाबाई कळण्याच्या भाकरी बांधून आणायची, वाल्मिकची बायको वर्षा आणि मुलगी मयुरी ओढ्यात पाय सोडून बसायच्या. तंबू, दोरीवरून घसरायचा खेळ हे सगळं शहरातल्या पोरांसाठी होतं. यांना नुसतं चालायला मिळालं तरी पुरे.

अशाच एका फेरीत, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, वाल्मिक एकदम थांबला आणि बोट वर करून म्हणाला, "ऐक. कोणी तरी शीळ घाली राहिना." सगळे थांबले. एकाच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पक्षी आहे तो," दुसरा म्हणाला, "अगदी माणसासारखी शीळ घालतो." आप्पानंही मान वर केली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. कानात फक्त खात्याची घरघर चालू होती. शंभर किलोमीटर दूर येऊनही ती थांबली नव्हती. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "हां, ऐकलं. ग्वाड शे."

त्या दिवशी त्याला कळलं. खात्यात ते कळायला जागाच नव्हती. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे ओठ बघून आणि खुणा करून बोलतात. घरी सरलाबाईला वाटायचं की हा माणूस मुद्दाम लक्ष देत नाही, आणि ती तीनदा सांगायची. आप्पाला ते ओशाळवाणं वाटत नव्हतं. पण डोंगरावर वाटलं. जिथं सगळे ऐकायला जातात तिथं आपणच बहिरे आहोत, हे त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कारीगर बहिरा झाला असं शेठच्या कानावर गेलं तर काय, ही धास्तीही होतीच. पण खरी गोष्ट लाजेची होती.

तेव्हापासून तो सगळ्यांच्या पुढे चालू लागला. पुढे चालणाऱ्याशी कुणी फार बोलत नाही. बोलायचं असेल तर लोक जवळ येतात, थांबल्यावर समोरासमोर बसतात, आणि समोरचा माणूस आप्पाला पुरेसा कळायचा. त्याला वाटा चांगल्या पाठ झाल्या होत्या. "आप्पा पुढे शे म्हणजे चिंता नही," असं लोक म्हणू लागले. त्याला ते आवडायचं. सहा वर्षांत त्याच्याबरोबर आलेल्या कुणाचा साधा पायही मुरगळला नव्हता.

सातव्या वर्षी, श्रावणात, बाकीच्यांना खाडा मिळाला नाही. आप्पा आणि वाल्मिक दोघंच गेले.

पाऊस उघडला होता, पण वाट निसरडी होती. मनोऱ्यावर जाऊन दोघं उतरायला लागले. उतारावर एक आखूड वळण आहे. तिथं वाट अरुंद होते आणि डाव्या हाताला दरी आहे. आप्पा ते वळण उतरून पुढे गेला. वाल्मिक मागे मोबाइलवर फोटो काढत होता. त्याचं नेहमीचंच असल्यामुळे आप्पा थांबला नाही. पंधरा-वीस मिनिटांत तो ओढ्याशी पोचला, दगडावर बसला, भाकरीचं फडकं सोडलं, ठेचा काढला आणि वाट बघू लागला. वाल्मिक येईना. आप्पानं एक बिडी ओढली. मग भाकरी परत बांधली आणि तो वर चढू लागला.

वळणावर वाल्मिकची एक चप्पल पडली होती. कडेच्या मातीत घसरल्याचा ओरखडा होता. चार-पाच हात खाली कारवीची झुडपं मुळासकट उपटलेली होती. त्याच्या खाली, पुष्कळ खाली, झाडांच्या मध्ये वाल्मिकचा निळा सदरा दिसत होता. तो हलत नव्हता.

खाली उतरायला दुसरीकडून वळसा घालून जावं लागलं. आप्पा निम्म्या वाटेत असताना समोरून उद्यानाचा बीटगार्ड लक्ष्मण आणि आणखी दोन माणसं धावत येताना दिसली. वाल्मिक तोवर गेलेला होता.

पुढचं सगळं पंचनामा, दवाखाना, गाडी, असंच झालं. पोलिसांना आप्पानं सांगितलं की पाय घसरला आणि एकदम खाली गेला. कागदावर तेच लिहिलं गेलं. गाडीची वाट बघत तो वनखात्याच्या चौकीच्या पायरीवर रानाकडे तोंड करून बसला होता. थोड्या वेळानं कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकला. मागे लक्ष्मण उभा होता. इतक्या वर्षांत ओळख झालेला, डांगातलाच माणूस. तो आप्पाच्या समोर येऊन बसला आणि हळूहळू, तोंड नीट उघडून म्हणाला, "काका, मी तुम्हाला मागून चारदा हाक मारली."

आप्पा जरा पुढे सरकून बसला.

"समोरच्या उतारावर एक बाई बांबूचे कोंब खुडत होती. तिनं पाहिलं. तो एकदम नाही पडला. झुडूप धरून लटकला होता, वाटेच्या खाली. हाका मारत होता. ती तिकडून ओरडली, पण मधे दरी. मग ती मला सांगायला पळाली." लक्ष्मण थांबला. "ती म्हणते, आप्पा, आप्पा, असं दहा-बारा वेळा ओरडला. तिला वाटलं, मरताना बापाला हाक मारतोय."

आप्पा ओठ बघत होता. एकही शब्द त्याच्या नजरेतून सुटला नाही.

"मी कागदावर काही सांगितलेलं नाही," लक्ष्मण म्हणाला. "सांगून तो परत येणार नाही. पण तुम्ही आता पुढे नका चालू."

चार-पाच हात. खांद्यावरचा रुमाल सोडला असता तरी पोचला असता. सुरतेपर्यंतच्या वाटेत आप्पा हेच मोजत होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वर्षानं त्याला घरात बोलावलं. खोलीत पाहुणे होते. ती दाराशी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही होते तिथं. मला एकच सांगा. त्यांना समजलं का? काही बोलले का?"

"नही," आप्पा म्हणाला. "एकदम गया तो. तरास नही झाला."

तिनं डोळे मिटले. चेहरा जरा सैल पडला. आत मयुरी कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आप्पा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

कवडमाळच्या फेऱ्या बंद झाल्या. आप्पा खाडा घेईनासा झाला. वर्षानं घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम आणलं. येताजाता तिच्या दारातून तो तिला पाठीत वाकलेली बघायचा, आणि ती मान वर करून "चहा घ्या आप्पा" म्हणायची. तो सरळ पुढे जायचा. तिला वाटायचं, दुःखानं असा झाला. ती सरलाबाईला सांगायची, "आप्पांना जपा वहिनी, त्यांनी फार मनाला लावून घेतलंय."

सरलाबाई मात्र दुसरंच बघत होती. एकदा गॅसवर दूध उतू जात होतं, ती बाहेरून ओरडत राहिली, आणि हा माणूस दोन हातांवर पाठमोरा बसलेला. दिवाळीच्या सुट्टीत ती त्याला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून, कानांना हेडफोन लावून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची उतरत जाणारी रेघ सरलाबाईला दाखवली. कानाच्या नसा मेल्या आहेत, हे आजचं नाही, दहा-पंधरा वर्षांचं असेल, मशीन लावलं तर थोडं ऐकू येईल, एवढं त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत सरलाबाई त्या कागदाची घडी उलगडून बघत होती. आल्यावर तिनं दार लोटलं, त्याच्या समोर मांडी घातली आणि विचारलं, "त्या दिनले वाल्मिकनी हाक मारेल व्हती का?"

आप्पानं खाली बघितलं. तिनं त्याची हनुवटी धरून वर केली. "माले खरं सांग. मारेल व्हती?"

"दहा-बारा दाव," तो म्हणाला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा रडला.

सगळं ऐकून झाल्यावर सरलाबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले. मग म्हणाली की हे वर्षाला सांगायचं नाही. ती सावरत होती. सुखानं गेला एवढ्या एका गोष्टीवर ती जगतेय, तीही काढून घेतली तर ती कशावर उभी राहील? आणि एकाच गल्लीत राहायचं आहे. आप्पानं मान हलवली. दोन-अडीच महिने त्यानं ते पाळलंही. पण एका संध्याकाळी वर्षानं त्याला दारात अडवलं. तिनं संक्रांतीचा तिळगूळ त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "ते नेहमी म्हणायचे, आप्पा पुढे असले की मला भीती नाही." आप्पानं तिळगूळ तसाच हातात धरला. मग तिथंच, उंबऱ्यात उभ्या उभ्या, त्यानं सगळं सांगून टाकलं. आपल्याला ऐकू येत नाही. किती वर्षं येत नाही. झुडूप, हाका, ती कोंब खुडणारी बाई, ओढ्याकाठची बिडी. काहीही गाळलं नाही.

वर्षा ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "किती वेळा?"

"ती बाई म्हणे, दहा-बारा."

"जा तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला असावा, कारण आतून मयुरी दाराशी आली. "जा. तिच्यासमोर उभे राहू नका."

पंधरा दिवस तिचं दार आप्पासाठी आणि सरलाबाईसाठीही बंद राहिलं. मग एका सकाळी ती स्वतःच आली. आप्पाकडे न बघता सरलाबाईला म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे. यांना सांगा, घेऊन चला."

माघ होता. रानात पानं गळायला लागली होती आणि पायाखाली कुरकुर वाजत असावीत. तिघंही मनोऱ्याकडे न जाता सरळ त्या वळणावर गेले. वनखात्यानं तिथं आता लोखंडी कठडा बसवला होता. वर्षानं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली पाहिलं. झुडपं पुन्हा फुटली होती. कुठलं झुडूप, ते तिनं विचारलं. आप्पानं दाखवलं. तिनं नजरेनंच अंतर मापलं असावं. तिचे ओठ आवळले गेले.

मग ती वळली, त्याच्यासमोर आली आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी जिथवर गेले होते तिथवर जा. मी इथून हाक मारते."

"वर्षा, नको गं," सरलाबाई म्हणाली.

"वहिनी, तुम्ही त्यांच्याबरोबर जा. ऐकू येतं की नाही, ते मला तुमच्याकडून कळू दे."

आप्पा निघाला. त्या वळणापुढे शंभर पावलं चालून तो थांबला. पहिली हाक बहुधा इथंच गाठली असती. सरलाबाई त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानं वर्षाकडे पाठ केली, जशी त्या दिवशी होती. समोर उतार होता, साग होते, लांब ओढ्याची पांढरी रेघ होती. त्यानं कान दिला. आयुष्यात कधी दिला नसेल इतका कान दिला. आत फक्त घरघर होती.

काही ऐकू आलं नाही. पण त्यानं सरलाबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती थोड्या थोड्या वेळानं दचकत होती. एकदा. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक दचकणं म्हणजे वरून आलेली एक हाक आहे, हे त्याला कळलं. तो मोजू लागला. सात. आठ. अकराव्याला सरलाबाई मटकन खाली बसली. त्यानंतरही तिची पाठ कितीतरी वेळ हलत होती. हाका थांबल्या होत्या की तीच रडत होती, हे त्याला सांगता आलं नसतं.

ती दोघं वर आली तेव्हा वर्षा कठड्याला टेकून बसली होती. घसा बसला होता. तिला बोलता येईना. सरलाबाईनं पाणी दिलं आणि मानेनंच 'नाही' म्हटलं. घोटभर पिऊन तिनं आप्पाकडे पाहिलं. या वेळी नजर वळवली नाही.

"खरंच ऐकू येत नाही तुम्हाला," ती म्हणाली.

आप्पानं मान हलवली.

"मग सांगितलं का नाही? इतकी वर्षं? ते तुमच्या पुढे चालले असते. मागे कशाला राहिले असते?"

लाज वाटली, एवढंच होतं, आणि कठड्यापाशी उभं राहून ते बोलण्यासारखं नव्हतं. तरीही तो म्हणाला, "लाज वाटे."

वर्षानं ते ऐकलं आणि मान फिरवली. परतीच्या गाडीत ती चालकाशेजारी बसली. व्याऱ्यापासून गोडादऱ्यापर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

शाळेच्या परीक्षा झाल्यावर ती मयुरीला घेऊन सुरतेजवळच्या सचिन गावी भावाकडे राहायला गेली. तिच्या खोलीत विदर्भातलं एक बिऱ्हाड आलं. सरलाबाईनं आप्पाला कानाचं मशीन आणून दिलं. खात्यात ते लावणं म्हणजे डोक्यात मशीनं घुसवणं, म्हणून तो ते घरीच लावतो. कूकरची शिट्टी, नळ, गल्लीतली भांडणं त्याला आता थोडीफार कळतात. पहिल्या आठवड्यात त्यानं सरलाबाईचा आवाज ऐकला तेव्हा तिला म्हणाला की तुझा आवाज म्हातारा झाला. ती हसली नाही.

दिवाळीआधी पाळी बदलताना, टपरीवर, खात्यातली नवी पाच-सहा माणसं त्याच्याभोवती जमली. सुट्टीत कवडमाळला जायचं होतं, वाटा माहीत असलेला माणूस हवा होता. आप्पानं चहा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "माले ऐकाले येस नही. वाल्मिक हाका मारे व्हता आन माले ऐकू उन्या नहीत. मना मांगे चालू नका."

एकजण मोबाइल बघायला लागला. त्यांच्यात हिलाल नावाचा पन्नाशीतला कारीगर होता, आप्पाच्याच वयाचा, तेवीस वर्षं मशीनवर उभा. तो आपल्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "मना डावा कान गेयेल शे. उजवा बी जाई राहिना." मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं, जणू काही चुकून बोलून गेला. पाळी सुरू झाली आणि सगळे आत गेले. कवडमाळला ते लोक गेले की नाही, आप्पानं विचारलं नाही.

त्याच्या आधी श्रावणात वाल्मिकचं वर्षश्राद्ध झालं होतं. वर्षानं सचिनहून निरोप पाठवला तो सरलाबाईला. ती एकटी गेली आणि दुपार कलल्यावर परत आली. आप्पा मशीन लावून दारात बसला होता. ती आत आली, चपला काढल्या, त्याच्यासमोर बसली. मयुरी उंच झालीय, म्हणाली. वर्षा आता खड्यांचं काम करत नाही, एका कारखान्यात पॅकिंगला जाते, म्हणाली. जेवायला बसताना मयुरीनं विचारलं होतं, "आप्पा नाही आले?"

"मग?" आप्पा म्हणाला.

"वर्षा म्हणाली, मी बोलावलं नाही त्यांना. या वर्षी नको. पुढच्या वर्षी बघू."

आप्पानं कानातलं मशीन बोटानं नीट आत दाबलं. "काय म्हणाली? परत सांग."

सरलाबाईनं परत सांगितलं.